आधी कोण गेलं, यावर कर का ठरावा?

१९ नोव्हेंबर २०२४ ला लंडनच्या व्हाइटहॉलवर हजारो शेतकरी जमले होते. तीनच आठवड्यांपूर्वी, ३० ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात, अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी शेतजमिनीला वारसा करातून मिळणारी पूर्ण सूट आवळली होती. एप्रिल २०२६ पासून दर माणशी शेतजमीन आणि धंद्यातली मालमत्ता मिळून पहिले दहा लाख पौंड माफ, त्यावरच्या रकमेला निम्मी सूट. म्हणजे ४० टक्क्यांऐवजी २० टक्के कर. मग वर्षभर रणकंदन झालं. एक बाजू ओरडत होती, शेतकऱ्याच्या पोटावर पाय दिला. दुसरी विचारत होती, कर चुकवायला जमिनी घेऊन ठेवणाऱ्या धनिकांचा एवढा पुळका कशाला? दोन्हींत तथ्य होतं. पण त्या प्रस्तावातलं सगळ्यात वाईट कलम, काही जाणकार सोडले तर, फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. नवऱ्याच्या वाट्याची दहा लाखांची सवलत त्याच्या मृत्यूच्या वेळी वापरली गेली नाही, तर ती बायकोच्या खात्यात जाणार नव्हती. त्याच्याबरोबरच संपणार होती.

वारसा कर असावा की नसावा, हा वाद मी इथे घालणार नाही. विचारलंच तर तो असावा, असं माझं मत आहे. ज्यांचं तसं नाही त्यांनाही पुढचा मुद्दा लागू पडतो. मुद्दा असा: एका संसारात जमलेल्या संपत्तीवरचा कर, ती कागदावर कोणाच्या नावावर होती आणि दोघांपैकी आधी कोण गेलं, या दोन गोष्टींवर ठरता कामा नये. पती-पत्नीत न वापरलेली करसवलत हस्तांतरित होऊ देणं हे याचसाठी योग्य आहे. तिला 'श्रीमंत जोडप्यांसाठी ठेवलेली पळवाट' म्हणणारे नेमकं उलटं बोलताहेत. पळवाट ती होती, जी हे हस्तांतर येण्याआधी होती.

ब्रिटनमधला कर चालतो तो असा. प्रत्येक माणसाच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतले पहिले ३,२५,००० पौंड करमुक्त, वर सरसकट ४० टक्के. ही मर्यादा एप्रिल २००९ पासून जागची हललेली नाही आणि २०३१ पर्यंत हलणार नाही, असं ठरून गेलं आहे. राहतं घर मुला-नातवंडांना ठेवलं तर आणखी १,७५,००० पर्यंत सूट. आणि नवऱ्याकडून बायकोला किंवा बायकोकडून नवऱ्याला जे जातं त्यावर एरवी करच नाही, रक्कम कितीही असो. २००५ च्या अखेरीपासून नोंदणीकृत समलिंगी जोडीदारांनाही हेच लागू आहे. आता समजा, नवरा सगळं बायकोच्या नावावर ठेवून गेला. कर शून्य. पण मग त्याचे स्वतःचे ३,२५,००० कुठे गेले? वापरलेच गेले नाहीत. बायको गेल्यावर तिच्या मालमत्तेच्या हिशेबात ते जमेस धरता येतात. ते मागण्यासाठी वेगळा फॉर्म आहे आणि मुदत दुसऱ्या मृत्यूच्या महिनाअखेरीपासून दोन वर्षं.

हॅरो किंवा स्लाउमधल्या मराठी घरात हा फॉर्म पुढ्यात आला की मुलं सोलापूरच्या नाहीतर साताऱ्याच्या मावशीला फोन लावतात: आई-बाबांचं लग्न नक्की कोणत्या तारखेला आणि कुठे लागलं? कारण फॉर्ममध्ये लग्नाच्या तारखेचा आणि ठिकाणाचा रकाना असतो. १९७१ सालच्या त्या लग्नाची कचेरीत नोंद कुणी केलेली नसते. असते ती बोहल्यावरचा एक फोटो आणि कडा पिवळ्या पडलेली लग्नपत्रिका, तिच्यात शुभमुहूर्त मिनिटापर्यंत दिलेला आणि कार्यालयाचा पत्ता 'स्टँडच्या मागे' एवढाच. बाबा १९९५ साली गेलेले असले तरी चालतं. त्यांनी त्या वेळच्या सवलतीतलं किती टक्के वापरलं नव्हतं, ते पाहतात आणि तेवढे टक्के आजच्या मर्यादेला लावतात. २००२-०३ मध्ये मर्यादा अडीच लाख होती. तेव्हा गेलेल्या माणसाने सव्वा लाख मुलांना ठेवलं असेल तर निम्मी सवलत शिल्लक, म्हणून आईच्या हिशेबात आजच्या ३,२५,००० च्या निम्मे, १,६२,५०० पौंड वाढतात.

हे सगळं ९ ऑक्टोबर २००७ पासूनचं. त्याआधी काय होतं, ते पाहिल्याशिवाय या तरतुदीचं मोल कळत नाही. १९७२ पर्यंत ब्रिटनमध्ये नवरा गेला की बायकोला मिळालेल्या मालमत्तेवर सर्रास मृत्यूकर लागायचा. त्या वर्षी पहिल्या १५,००० पौंडांना माफी मिळाली आणि नोव्हेंबर १९७४ पासून, नवा कर आणताना, पती-पत्नीतलं सगळंच करमुक्त झालं. विधवेला घर विकावं लागू नये, हा हेतू चांगलाच होता. पण त्यातून एक चमत्कारिक परिस्थिती उभी राहिली. 'माझ्या मागे सगळं हिचं' असं साधं, मायेचं मृत्युपत्र करणारा माणूस स्वतःची सवलत फुकट घालवू लागला. जो सॉलिसिटरकडे गेला, त्याने मात्र घराची मालकी दोघांत निम्मी-निम्मी वेगळी करून घेतली, मृत्युपत्रात करमुक्त मर्यादेएवढी रक्कम एका ट्रस्टकडे वळवली, बायकोला त्या ट्रस्टची लाभार्थी केलं आणि दोघांच्याही सवलती वापरल्या. दोन शेजारी, एकाच आकाराची घरं, एकाच वयाच्या बायका. एकाच्या मुलांना लाखभर पौंड जास्त कर. फरक कशाचा? एकाने वकिलाची फी भरली होती.

या ट्रस्टच्या भानगडी कोणत्या थराला गेल्या होत्या, ते २००७ च्या फेब्रुवारीत निकाल लागलेल्या फिझॅकर्ली खटल्यात दिसतं. नवरा विद्यापीठात प्राध्यापकी केलेला, बायकोने लग्नानंतर नोकरी केलेली नाही. घर दोघांच्या नावावर निम्मं-निम्मं केलं. बायको आधी गेली. तिच्या मृत्युपत्रातून करमुक्त रक्कम ट्रस्टला गेली आणि तिचा घराचा हिस्सा नवऱ्याने घेऊन त्याबदल्यात ट्रस्टचं देणं मान्य केलं. तो गेल्यावर मुलीने म्हटलं, हे देणं त्याच्या मालमत्तेतून वजा करा. करखात्याने नकार दिला आणि न्यायाधिकरणाने खात्याची बाजू उचलून धरली. कारण काय दिलं? घराचा सगळा पैसा नवऱ्याचा होता, बायकोची कमाई नव्हती. म्हणजे तिचा निम्मा हिस्सा ही मुळात नवऱ्यानेच दिलेली भेट. कायद्याच्या कलमानुसार निकाल बरोबरही असेल. पण कलम काय बोलतंय ते ऐका: उभा जन्म घर चालवलेल्या बाईचा त्या घरातला हिस्सा तिचा धरलाच जात नाही, कारण तिला पगार नव्हता. बायकोही नोकरदार असती तर हाच ट्रस्ट चालून गेला असता.

हस्तांतराची तरतूद आली ती मात्र असल्या अन्यायाच्या कळवळ्यातून आली नाही. १ ऑक्टोबर २००७ ला ब्लॅकपूलच्या पक्ष-अधिवेशनात, तेव्हा विरोधात असलेल्या हुजूर पक्षाच्या जॉर्ज ऑझबर्न यांनी करमुक्त मर्यादा दहा लाख पौंड करण्याचं आश्वासन दिलं, त्यांच्या पक्षाची हवा तयार झाली, पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी निवडणुकीचा बेत गुंडाळला आणि आठवड्याभरात अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी हे हस्तांतर जाहीर करून विरोधकांच्या शिडातला वारा काढून घेतला. घाईघाईत, मतांकडे डोळा ठेवून केलेला बदल. पण चांगला कायदा शुद्ध हेतूनेच जन्मावा अशी अट घातली, तर कुठल्याही देशाच्या कायदेपुस्तकात फार पानं उरायची नाहीत. डार्लिंग यांनी एक गोष्ट नेमकी केली: पहिला मृत्यू कधीही झालेला असो, अगदी वीस वर्षांपूर्वी, दुसरा मृत्यू या तारखेनंतरचा असला म्हणजे झालं. जुन्या विधवा-विधुरांना त्यांनी वगळलं नाही. हा तपशील लक्षात ठेवा. सतरा वर्षांनी रीव्ह्ज यांचं घोडं इथेच पेंड खाणार होतं.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यांचा पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे आणि वजनदार आहे. ब्रिटनमध्ये १९९० पर्यंत बायकोचं उत्पन्न नवऱ्याचंच उत्पन्न मानून कर आकारला जाई. स्त्रीला स्वतंत्र करदाती म्हणून उभं राहायला इतकी वर्षं लागली. आजही प्राप्तिकरात नवऱ्याची सवलत बायकोला द्यायची म्हटलं तर, कमी उत्पन्नाच्या जोडप्यांसाठीची एक किरकोळ तरतूद सोडून, देता येत नाही. मग जिवंतपणी दोन स्वतंत्र माणसं आणि मेल्यावर एकदम 'जोडपं', हे कसं? स्त्रियांनी झगडून मिळवलेलं वेगळेपण मृत्यूच्या दारात पुन्हा काढून घ्यायचं का?

आक्षेप सुबक आहे, पण पगार आणि संसार यांची त्यात गल्लत आहे. पगार ज्याचा त्याचा असतो, त्याची स्लिप असते. चाळीस वर्षांच्या संसारात उभं राहिलेलं घर कोणाचं, हे कोणत्या स्लिपवर लिहिलेलं असतं? याचं उत्तर ब्रिटनच्याच तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे लॉर्ड्स सभागृहाने, ऑक्टोबर २००० मध्ये देऊन ठेवलं आहे, आणि योगायोगाने तो खटला एका शेतकरी जोडप्याचाच होता. सॉमरसेटमध्ये दुधाचा धंदा करणारं व्हाइट दांपत्य, तेहतीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट. पैसा कमावणारा आणि घर-मुलं सांभाळणारा यांच्यात भेदभाव करायचा नाही, आणि वाटणी ठरवताना ती निम्म्या वाटणीच्या कसोटीवर घासून पाहायची, असं लॉर्ड्सनी सांगितलं. तिला प्रत्यक्षात निम्मं मिळालं नाही. त्या शेतीत सासऱ्याचं भांडवल होतं. पण तत्त्व पक्कं झालं. घटस्फोट झाला तर कायदा विचारतो, हे दोघांनी मिळून उभं केलं ना? मग मृत्यू झाला तर त्याच कायद्याने 'उताऱ्यावर नाव कोणाचं' एवढंच का विचारावं? भांडून वेगळं होणाऱ्यांना जो न्याय, तो शेवटपर्यंत एकत्र राहणाऱ्यांना नको?

आपल्याकडे हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. नवरा गेला की निम्मं बायकोचं असतंच. ते तिला वारशाने मिळत नाही, मुळातच तिचं असतं. वारसांचा प्रश्न उरतो तो उरलेल्या निम्म्याचा. दिल्लीच्या करखात्यानेही हे मानलेलं आहे: १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ घालून गोव्याच्या या जोडप्यांचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न दोघांत सारखं वाटून आकारायची सोय केली गेली. म्हणजे जोडप्याला एक आर्थिक घटक मानलं की स्त्रीचं स्वातंत्र्य बुडतं, हे खरं नाही. गोव्यातल्या बाईचा निम्मा हक्क महाराष्ट्रातल्या बाईपेक्षा भक्कमच आहे. ब्रिटनकडे असा सामाईक मालकीचा कायदा नाही. सवलतीचं हस्तांतर हा त्या उणिवेवरचा तोकडा, पण प्रामाणिक इलाज आहे.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. न वापरलेली सवलत ही काही मालमत्ता नव्हे. ती न वापरता माणूस गेला तर गेली. बरं, ठेवलीच, तर तेव्हाच्या रकमेने ठेवा. १९९५ साली मर्यादा १,५४,००० होती; आज त्या मृताच्या नावाने ३,२५,००० कशाला देता? ही सरकारने वारसांना दिलेली बक्षिसी नाही का? ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्याच १९९५ साली सॉलिसिटरकडे गेलेल्या शेजाऱ्याकडे पाहा. त्याने आपल्या वाट्याचं अर्धं घर तेव्हाच मुलाच्या नावे केलं. त्या अर्ध्या घराची किंमत पुढच्या तीस वर्षांत लंडनच्या भावाने कित्येक पटींनी फुगली आणि ती सगळी वाढ आईच्या मालमत्तेच्या बाहेर राहिली. तिच्या मृत्यूवर त्या वाढीला करखात्याचा हातही लागला नाही. उलट ज्याने सगळं बायकोला दिलं, त्याच्या बाबतीत ती पूर्ण वाढ करपात्र झाली आणि बदल्यात टक्क्यांच्या हिशेबाने थोडी मर्यादा वाढून मिळाली. मग बक्षिसी नक्की कोणाला मिळाली? टक्केवारीचं हस्तांतर साध्या माणसाला फक्त सल्ला घेतलेल्या माणसाच्या जवळपास आणून उभं करतं. बरोबरीलाही नेत नाही.

यावर 'मग सगळ्यांनीच सल्ला घ्यावा' म्हणणारे असतात. कर सुटसुटीत ठेवण्याचं सोडून नागरिकाने सुटसुटीत मरावं, अशी ही अपेक्षा. २०२४-२५ चं शेतीचं प्रकरण याच वृत्तीतून बिघडलं. गदारोळ उठल्यावर मंत्री आणि खुद्द पंतप्रधान स्टार्मर सांगत राहिले की, घाबरू नका, शेतकरी जोडप्याला तीस लाख पौंडांपर्यंत कर लागणार नाही. बेरीज बरोबर होती: दोघांचे शेतीचे दहा-दहा लाख, शिवाय घरासकट प्रत्येकी पाच लाख. पण त्यातले वीस लाख मिळणार होते ते आधी जाणाऱ्याने शेतीतला आपला हिस्सा थेट मुलांना दिला तरच, आणि मुळात जमीन दोघांच्या नावावर असली तरच. ती नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि बायको आधी गेली, तर तिचे दहा लाख कशावर लावणार? आणि ज्याची बायको २०१८ सालीच गेली आहे, त्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने कोणत्या सॉलिसिटरकडे जाऊन काय करून घ्यायचं होतं? सरकार ज्या आकड्याचा हवाला देत होतं, तो आकडा सरकारच्याच नियमाने सगळ्यात असहाय माणसाला मिळत नव्हता.

बायकोच्या नावावर जमीन नसणं ही इंग्लंडची मिरास नाही, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. नवऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन करून द्यावी, सातबाऱ्यावर तिचं नाव चढवावं, म्हणून शरद जोशी गावोगाव बोलत फिरले. अनेकांनी करूनही दिली. पण जे काम करायला एका मोठ्या शेतकरी नेत्याला आपली सगळी पुण्याई पणाला लावावी लागली, ते काम एका करसवलतीपायी प्रत्येक शेतकऱ्याने दीड वर्षात उरकावं, असं लंडनच्या अर्थखात्याने गृहीत धरलं होतं. शेवटी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात रीव्ह्ज यांनी माघार घेतली: शेतीची सवलतही पती-पत्नीत हस्तांतरित होईल, आणि पहिला मृत्यू एप्रिल २०२६ च्या आधीचा असला तरी होईल. डार्लिंग यांनी २००७ साली जे सुरुवातीलाच केलं होतं, ते करायला तेरा महिने गेले. महिन्याभराने, नाताळच्या तोंडावर, दहा लाखांची मर्यादाही पंचवीस लाख करण्यात आली. माझ्या मते या दोन माघारींपैकी पहिली न्यायाची होती आणि दुसरी दबावाची. पंचवीस लाखांवर वाद घालायला भरपूर जागा आहे. हस्तांतरावर नाही. पण बातम्यांत गाजली ती दुसरीच.

हस्तांतराची बाजू घेताना आजची व्यवस्था निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. घरावरची जादा सवलत मला मुळातच पटत नाही. ती स्वतःचं घर आणि पोटची, दत्तक, सावत्र किंवा सांभाळलेली मुलं असलेल्यालाच मिळते. पुतण्याला घर ठेवणारी निपुत्रिक बाई आणि जन्मभर भाड्याच्या घरात राहून बचत केलेला माणूस, दोघंही तिच्या बाहेर. शिवाय मालमत्ता वीस लाखांच्या वर गेली की ही सवलत दर दोन पौंडांमागे एक पौंड अशी घटत जाते, आणि घट मोजताना दोघांचा नव्हे, फक्त शेवटी जाणाऱ्याचा ढीग पाहतात. प्रत्येकी बारा लाखांचं जोडपं घ्या. आधी जाणाऱ्याने सगळं जोडीदाराला दिलं, तर दुसऱ्याच्या नावावर चोवीस लाख होतात, साडेतीन लाखांच्या घर-सवलतीतले दोन लाख कापले जातात आणि मुलांना ८०,००० पौंड जास्त कर पडतो. हिस्सा थेट मुलांना दिला असता तर पडला नसता. म्हणजे मायेच्या मृत्युपत्राला दंड करण्याची खोड अजून पुरती गेलेली नाही. या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या घर-सवलतीच्या तक्रारी आहेत. त्यांचं खापर पती-पत्नीतल्या हस्तांतरावर फोडण्याची वादात रीत पडली आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला. जॉइस आणि सिबिल बर्डन या विल्टशरमधल्या दोन सख्ख्या बहिणी. दोघी अविवाहित, जन्मभर एकत्र राहिलेल्या, आई-वडिलांच्या जमिनीवर बांधलेलं घर दोघींच्या नावावर. एकीच्या मृत्यूनंतर दुसरीला कर भरण्यासाठी ते घर विकावं लागेल, या भीतीने त्यांनी वर्षानुवर्षं अर्थमंत्र्यांना पत्रं लिहिली आणि शेवटी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. एप्रिल २००८ मध्ये तिथल्या मोठ्या खंडपीठाने पंधरा विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. बहिणींचं नातं रक्ताचं, त्यात विवाहासारखं कायदेशीर बंधन स्वीकारलेलं नाही, म्हणून तुलना होऊ शकत नाही, असं कारण दिलं. त्याआधी २००४ साली नागरी भागीदारीचा कायदा होत असताना लॉर्ड्स सभागृहाने भावंडांना आणि सांभाळ करणाऱ्या नातलगांना त्यात घेणारी दुरुस्ती मंजूरही केली होती. कॉमन्सने ती काढून टाकली. लॉर्ड लेक्सडेन यांनी पुढे भावंडांसाठी वेगळं विधेयक आणलं, तेही पार पडलं नाही.

या बहिणींपुढे माझं उत्तर लंगडं पडतं, हे मान्य. एकत्र घर, एकत्र म्हातारपण, एकमेकींचा आधार: मी वर जोडप्यांसाठी जी कारणं दिली त्यातलं एकही असं नाही, जे त्यांना लागू होत नाही. निकालातला 'कायदेशीर बंधन' हा मुद्दा तर फिरवून त्यांच्यावरच आणल्यासारखा आहे. बहिणींना ते बंधन स्वीकारायची सोयच कायद्याने ठेवलेली नाही. लग्न न करता वीस वर्षं संसार केलेल्या, दोन मुलं असलेल्या जोडप्याचीही तीच गत. त्यांना जोडीदाराची माफीही नाही आणि हस्तांतरही नाही. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? अनेक टीकाकार म्हणतात, विवाहितांची मिरासदारी मोडा, हस्तांतर बंद करा. त्याने बर्डन बहिणींच्या घराची एक वीट तरी वाचली असती का? विधवांचीही घरं विक्रीला निघाली असती, एवढाच काय तो समतेचा लाभ. उपाय दुसऱ्या टोकाला आहे. ठरावीक वर्षं एका घरात राहिलेल्या, परस्परांची जबाबदारी नोंदवून घेतलेल्या कोणत्याही दोघांना, पहिल्या मृत्यूवर कर थांबवायचा आणि दुसऱ्या मृत्यूवर दोघांच्या सवलती एकत्र धरून घ्यायचा. तिजोरीचं बुडत नाही, उशिरा येतं. 'मग लोक खोट्या जोड्या जमवतील' ही भीती खोटी लग्नं होतात म्हणून लग्नच रद्द करण्याइतकीच खरी आहे.

आपल्या लोकांना थेट जाचणारी आणखी एक भिंत आहे, आणि तिच्याबद्दल मराठी मंडळांच्या हळदीकुंकवात कुणी बोलताना दिसत नाही. जोडीदाराला अमर्याद माफी, हे मी वर 'एरवी' म्हणून सांगितलं. ते दोघंही ब्रिटनचे दीर्घकालीन रहिवासी असतील तर. एप्रिल २०२५ पासून हे ठरतं ते मागच्या वीस करवर्षांपैकी दहा वर्षं तिथे राहण्यावर. नवरा लेस्टरमध्ये नोकरी करतोय आणि बायको सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी नाशिकला परतून दहा-बारा वर्षं झाली, असं घर अनेकांच्या पाहण्यात असेल. तो गेला तर तिला मिळणारी माफी ३,२५,००० पौंडांवर अडते. मी दीर्घकालीन रहिवासी आहे असं मानून माझ्यावर कर आकारा, असं तिने लेखी निवडलं तर माफी पूर्ण मिळते, पण मग तिची भारतातली मालमत्ताही ब्रिटनच्या कराच्या जाळ्यात येऊ शकते. नवऱ्याच्याच आई-वडिलांची सेवा करायला गेलेल्या बाईला कायदा परकी ठरवतो. सरकारची बाजू समजते: परदेशी जोडीदाराच्या नावावर सगळं करून संपत्ती कायमची कराबाहेर नेता येईल. त्यासाठी लेस्टरचं घर विकलं जाईल तेव्हा त्यावर कर घ्या की. घर कुठे पळून जात नाही.

आणि एप्रिल २०२७ पासून पेन्शनच्या न वापरलेल्या फंडाचाही वारसा कराच्या हिशेबात समावेश होणार आहे. लग्नाच्या जोडीदाराला तो फंड मिळाला तर माफी आहेच. लग्न न केलेल्या जोडीदाराला मिळाला तर बाकीच्या मालमत्तेबरोबर तोही मर्यादेत मोजायचा, वर गेला तर ४० टक्के. म्हणजे आजवर अविवाहित जोडप्याला जी एक फट मोकळी होती तीही बुजली, आणि कायद्याने त्यांच्यासमोर ठेवलेला सगळ्यात स्वस्त कर-सल्ला आता एवढाच आहे: एका दुपारी दोन साक्षीदार घेऊन रजिस्ट्री ऑफिसात जा आणि सही करून या. बर्डन बहिणींसारख्यांना तो सल्लाही नाही.